एक काटा, दोन जागा आणि अडकलेल्या गाड्या: पेट्री नेट हाताने मांडून शिकूया

दिवाळी सरली की आमच्याकडे धरणगाव, अमळनेर, चोपड्याच्या रस्त्यांवर कापसाने टच्च भरलेल्या ट्रॉल्या दिसायला लागतात. अशाच एका हंगामात काकांच्या ट्रॅक्टरवर बसून मी एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, गेलो होतो. दुपारी तीनला रांगेत लागलो आणि साडेपाचला सगळं जिथल्या तिथे थांबलं. वजनकाट्यावर एक भरलेली ट्रॉली उभी होती. तिचं वजन झालेलं, चिठ्ठीही ड्रायव्हरच्या हातात, पण आत यार्डात शिरायला जागा नव्हती. आतल्या गाड्या रिकाम्या होऊन उभ्या होत्या. त्यांना रिकामं वजन करून बाहेर पडायचं होतं, पण वाट एकच, काट्यावरून, आणि काट्यावर ती भरलेली ट्रॉली. मागे घ्यावी तर मागे रस्त्यापर्यंत रांग. रांगेतल्या गाड्या एकेक करून मागे सरकवल्या तेव्हा काटा मोकळा झाला. रात्रीचे नऊ वाजले होते. तोवर काटेवाला, हमाल, ड्रायव्हर, सगळ्यांनी एकमेकांना दोष देऊन झालं होतं.

पुढे इंजिनिअरिंगला पेट्री नेट, म्हणजे एकदम चालणारी कामं चित्रात मांडायची रीत, शिकलो आणि वहीत सगळ्यात आधी ते गेट काढलं. अर्ध्या तासात दिसलं की त्या दिवशी चूक कोणाचीच नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम बरोबर केलं होतं आणि तरीही गाड्या अडकणारच होत्या, कारण अडकणं त्या मांडणीतच होतं. हे कागदावर आधी दिसू शकतं, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. तेच गेट घेऊन इथे सगळी रीत दाखवतो. सोबत एक मोठा कागद, पेन आणि मूठभर सरकी घ्या. सरकी नसेल तर तुरीचे दाणे चालतील.

आधी थोडी ओळख

कार्ल आडाम पेट्री हे जर्मन गणितज्ञ. जन्म 1926 मध्ये लाइपझिगला. 1962 साली डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्या प्रबंधातून ही कल्पना पुढे आली. त्यांना सतावणारा प्रश्न असा होता: एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असताना, त्यातल्या काही एकमेकींवर अवलंबून आणि काही अगदी स्वतंत्र असताना, हे सगळं नेमकं मांडायचं कसं? फ्लोचार्टमध्ये एका वेळी एकच बोट फिरतं. जिनिंगमध्ये मात्र काटा, हमाल, गाड्या, मशीन सगळे एकदम चालू असतात.

पेट्री नेटमध्ये चारच वस्तू असतात. गोल म्हणजे प्लेस: एखादी स्थिती किंवा साधन. उभी पट्टी म्हणजे ट्रान्झिशन: घडणारी घटना. त्यांना जोडणारे बाण. आणि गोलात ठेवलेले ठिपके म्हणजे टोकन. बाण कायम गोलाकडून पट्टीकडे किंवा पट्टीकडून गोलाकडे जातो. गोल ते गोल किंवा पट्टी ते पट्टी असा बाण नसतो. कापूस विकलेल्या माणसाला टोकन शब्द नवा नाही, खरेदी केंद्रावर नंबर लागतो तो टोकनानेच.

नियम एकच. ट्रान्झिशनकडे येणाऱ्या प्रत्येक बाणाच्या गोलात टोकन असेल तर ती घटना घडू शकते. घडली की त्या प्रत्येक गोलातून एकेक टोकन उचलायचं आणि बाहेर जाणाऱ्या बाणांच्या गोलांत एकेक ठेवायचं. 'घडू शकते' हे नीट लक्षात ठेवा. घडलीच पाहिजे असं नाही.

पायरी 1: सीमा ठरवा

सुरुवात करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. सगळी जिनिंग मांडायला घेतात: रेचे (सरकी काढणारी यंत्रं), प्रेस, गठाणी, सरकीचा ढीग, वीज, पगार. मग कागद भरतो आणि हाती काही लागत नाही. आधी प्रश्न लिहा, मग चित्र काढा. आपला प्रश्न: गेट आणि यार्ड मिळून गाड्या कधी कायमच्या अडकू शकतात का? या प्रश्नाला रुईची प्रत, कापसाचा भाव, ड्रायव्हरचं गाव काहीच लागत नाही. ते सगळं बाहेर ठेवा.

यार्डात खरं तर दहा-बारा गाड्या मावतात. आपण दोनच जागा धरू. छोट्या आकड्यावर हाताने सगळं तपासता येतं, आणि मांडणीतला दोष बहुधा तिथेच उघडा पडतो.

पायरी 2: प्लेस आणि ट्रान्झिशन लिहून काढा

सोपी युक्ती आहे. 'आहे' म्हणता येईल ती प्लेस, 'झालं' म्हणता येईल ती ट्रान्झिशन. काटा मोकळा आहे: प्लेस. गाडी काट्यावर चढली: ट्रान्झिशन.

आपल्या सात प्लेस, नावं मी सोयीने दिलीत:

- रांग: गेटबाहेर उभ्या भरलेल्या गाड्या. सुरुवातीला 3 टोकन.
- काटा: काटा मोकळा आहे. 1 टोकन.
- जागा: यार्डातल्या मोकळ्या जागा. 2 टोकन.
- भरकाटा: भरलेली गाडी काट्यावर आहे.
- उतराई: यार्डात माल उतरवणं सुरू आहे.
- रिकामी: गाडी रिकामी होऊन यार्डातच थांबली आहे.
- परतकाटा: रिकामी गाडी काट्यावर आहे.

शेवटच्या चार सुरुवातीला रिकाम्या.

आता पाच घटना. *चढणे*: रांग आणि काटा यांतून एकेक टोकन उचला, भरकाट्यात एक ठेवा. *शिरणे*: भरकाटा आणि जागा यांतून उचला, उतराई आणि काट्यात ठेवा. *उतरणे*: उतराईतून उचला, रिकामीत ठेवा. *परतणे*: रिकामी आणि काटा यांतून उचला, परतकाटा आणि जागेत ठेवा. *सुटणे*: परतकाट्यातून उचला, काटा आणि रांग यांत ठेवा.

सुटलेली गाडी पुन्हा रांगेत का? हंगामात एक गेली की तिच्या जागी दुसरी येऊन उभी राहतेच, म्हणून.

'काटा मोकळा आहे' यासाठी वेगळी प्लेस का, असं मला खूपदा विचारतात. पेट्री नेटमध्ये साधनाची कमतरता दाखवायची ती अशीच. जी गोष्ट मोजकी आहे, काटा, जागा, हमालांची टोळी, तिचा एक गोल काढा आणि ती जितकी आहे तितकी टोकनं त्यात ठेवा. एखादं साधन फक्त हजर लागतं, संपत नाही, जसं रेचा चालवायला वीज. तेव्हा बाण दोन्ही बाजूंनी काढा: टोकन उचललं आणि लगेच परत ठेवलं.

पायरी 3: सरकी ठेवून खेळा

चित्र काढून झालं की लगेच गणिताकडे धावू नका. गोलांत सरकी ठेवा आणि एकेक घटना हाताने घडवा. पंधरा-वीस चाली करा. बाण उलटा पडला असेल, एखादं टोकन परत ठेवायचं राहिलं असेल, तर बोटांना आधी कळतं. मी स्वतः एकदा *शिरणे* या घटनेतून काट्याकडे जाणारा बाण विसरलो होतो. दुसऱ्याच गाडीला काटा मिळेना, तेव्हा लक्षात आलं.

खेळताना एक जागा नीट बघा. एक गाडी उतराईत, एक रिकामी, काटा मोकळा. आता तीन घटना शक्य आहेत: *चढणे*, *उतरणे*, *परतणे*. यातली *उतरणे* कोणाच्या आड येत नाही. ती आधी झाली काय, नंतर झाली काय, बाकीच्यांना फरक पडत नाही. *चढणे* आणि *परतणे* मात्र एकाच काट्यासाठी भांडतात, एक घडली की दुसरी बंद. पहिल्या प्रकाराला समांतरता म्हणतात, दुसऱ्याला संघर्ष. व्यवस्थेत माणसाला निर्णय घ्यावा लागतो तो संघर्षाच्या ठिकाणी. काटेवाल्याचं सगळं काम याच एका ठिकाणी आहे.

पायरी 4: न बदलणाऱ्या बेरजा शोधा

काही प्लेसमधल्या टोकनांची बेरीज कितीही घटना घडल्या तरी तीच राहते. इंग्रजी पुस्तकांत याला प्लेस इन्व्हेरियंट म्हणतात. आपल्या नेटमध्ये अशा तीन आहेत:

काटा + भरकाटा + परतकाटा = 1
जागा + उतराई + रिकामी = 2
रांग + भरकाटा + उतराई + रिकामी + परतकाटा = 3

प्रत्येक बेरीज पाचही घटनांवर तपासा. *परतणे* घ्या: काट्यातून एक गेलं, परतकाट्यात एक आलं, पहिली बेरीज तशीच. रिकामीतून एक गेलं, जागेत एक आलं, दुसरीही तशीच. बेरीज जुळली नाही तर चित्रात चूक आहे, पुढे जाऊ नका.

या बेरजांचा अर्थ साध्या भाषेत असा: काट्यावर दोन गाड्या कधीच नसतील, यार्डात दोनपेक्षा जास्त मावणार नाहीत, गाडी हरवणार नाही. एकही चाल न खेळता ही खात्री मिळते. नेट मोठं असेल तर घटनांचा तक्ता मांडून समीकरणं सोडवायची, ते काम संगणक करतो.

पण बेरजा एवढंच सांगतात की काय होणार नाही. काय होईल ते सांगत नाहीत.

पायरी 5: सगळ्या अवस्थांचा आलेख

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा.

अवस्था तीन गोष्टींनी लिहू: उतराईत किती, रिकाम्या किती, काट्यावर काय. सुरुवात 0-0-मोकळा. तिथून फक्त *चढणे* शक्य, म्हणून 0-0-भरलेली. तिथून *शिरणे*, म्हणजे 1-0-मोकळा. तिथून दोन फाटे: *चढणे* किंवा *उतरणे*. असं करत जा. नवी अवस्था आली की चौकट काढा, जुनी आली की तिच्याकडे बाण ओढा. नवी चौकट निघेनाशी झाली की आलेख पूर्ण.

तीन बेरजा पाळणाऱ्या अवस्था मोजल्या तर 18 भरतात. पण सुरुवातीपासून चालत पोचता येतं ते 15 वरच. उरलेल्या तिघींत यार्डात दोन गाड्या आहेत आणि काट्यावर रिकामी गाडी आहे. तसं होऊ शकत नाही, कारण रिकामी गाडी काट्यावर आली म्हणजे तिची जागा सुटली, आणि काटा अडलेला असताना बाहेरची गाडी आत येत नाही. बेरजा पाळल्या म्हणजे अवस्था गाठता येतेच असं नाही, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

आता त्या 15 मधल्या 0-2-भरलेली या चौकटीपाशी या. काटा मोकळा नाही, जागा नाही, उतराईत कोणी नाही, परतकाट्यावर कोणी नाही. पाचही घटना बंद. या चौकटीतून एकही बाण बाहेर जात नाही. याला डेडलॉक म्हणतात. माझ्या लहानपणची साडेपाचची वेळ ती हीच.

त्याहून महत्त्वाच्या आहेत तिच्या मागच्या दोन चौकटी: 2-0-भरलेली आणि 1-1-भरलेली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान चाललेलं दिसतं. हमाल माल उतरवताहेत, काट्यावर वजन होतंय. पण या दोन्हींतून निघणारा एकमेव रस्ता डेडलॉकलाच जातो. लोकांना अडचण कळते तेव्हा ती होऊन गेलेली असते, ती का, ते इथे कळतं.

मग उपाय काय? गेटवर कोणालाही विचारा, उत्तर तयार असतं: रिकाम्या गाडीला आधी काटा द्या. मलाही तेच वाटलं होतं. आलेखावर तपासू. 2-0-मोकळा ही अवस्था घ्या. यार्डात दोन्ही गाड्या उतराईत, रिकामी एकही नाही, काटा मोकळा. प्राधान्य द्यायला रिकामी गाडी समोर नाहीच, त्यामुळे नियम गप्प बसतो आणि भरलेली गाडी चढते. मग दोन्ही गाड्या रिकाम्या होतात आणि सगळं बंद. नियम पाळूनही! मी हे एका काटेवाल्या दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काटा मोकळा पडेल हाये भाऊ, बाहेर रांग हाये, मग थांबाव कायले?" प्रश्न अगदी रास्त आहे. मोकळा काटा बघून कोणीही गाडी चढवेल. म्हणून निर्णय त्या क्षणाच्या अंदाजावर सोडून चालत नाही, तो मांडणीतच बांधावा लागतो.

आणखी एक गोष्ट. रांगेत 3 ऐवजी 2 टोकन ठेवून बघा. डेडलॉकला तीन गाड्या लागतात, दोन यार्डात आणि एक काट्यावर, म्हणून आता तो होतच नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळं सुरळीत चालतं आणि ऐन गर्दीतच घोळ होतो, त्याचं कारण हे.

पायरी 6: दुरुस्ती

वाईट चौकटी तीन आहेत आणि तिन्हींत एक गोष्ट समान आहे: भरकाटा + उतराई + रिकामी = 3. म्हणजे ही बेरीज 2 च्या वर जाऊ द्यायची नाही. त्यासाठी बाण हलवायचा तो एकच: जागेचं टोकन *शिरणे* या वेळी न उचलता *चढणे* याच वेळी उचलायचं. जागा हातात असल्याशिवाय काट्यावर चढायचंच नाही.

नवी बेरीज बनते: जागा + भरकाटा + उतराई + रिकामी = 2. आलेख पुन्हा काढा. 12 चौकटी निघतात, तिन्ही वाईट चौकटी गायब, आणि कुठल्याही चौकटीतून सुरुवातीला परत जाता येतं. म्हणजे पाचही घटना कायम घडू शकत राहतात. अशा नेटला जिवंत म्हणतात.

गेटवर हे करायला संगणक लागत नाही. जितक्या जागा तितके पितळी बिल्ले गेटवाल्याकडे द्या. बिल्ला घेतल्याशिवाय भरलेली गाडी काट्यावर जाणार नाही. रिकामी गाडी यार्ड सोडून परत काट्यावर आली की बिल्ला जमा. बिल्ले संपले की काटा मोकळा दिसला तरी थांबायचं.

नेट मोठं असेल तर सगळा आलेख न काढता संशयित जागा शोधायची एक रीत आहे: सायफन. सायफन म्हणजे प्लेसचा असा गट की त्यात टोकन टाकणारी प्रत्येक घटना त्याच गटातून टोकन उचलतेही. असा गट एकदा रिकामा झाला की कधीच भरत नाही. मूळ नेटमध्ये काटा, जागा आणि परतकाटा हा गट तसा आहे. डेडलॉकच्या चौकटीत तिन्ही रिकामे आहेत, पडताळून बघा. सायफन रिकामा होऊ न देणं, हीच दुरुस्तीची दिशा.

पायरी 7: आकडे वाढवा, वेळ घाला

12 जागांचं यार्ड आणि रांगेत 13 गाड्या घेतल्या तर मूळ नेटच्या अवस्था 260 होतात, त्यातल्या 13 वाईट. हे हाताने काढू नका. प्रोग्रॅम छोटासा आहे: पाहिलेल्या अवस्थांची एक यादी, तपासायच्या अवस्थांची एक रांग. रांगेतून एक काढा, शक्य घटना घडवून बघा, नवी निघाली तर दोन्हीकडे टाका, एकही घटना शक्य नसेल तर डेडलॉक म्हणून नोंदवा. पायथॉनमध्ये तीस-चाळीस ओळींत होतो. तयार हवं असेल तर पाइप हे मोफत साधन शिकायला सोपं आहे, आणि तुलूझच्या प्रयोगशाळेतलं टिना मोठ्या नेटना पेलतं.

रांगेत गाड्या बाहेरून येतच राहतील असं मांडलं तर टोकनं अमर्याद वाढतात आणि आलेख संपतच नाही. 1969 मध्ये कार्प आणि मिलर यांनी यावर वाट काढली: वाढत जाणाऱ्या आकड्याच्या जागी 'कितीही' असं चिन्ह लिहायचं, मग आलेख संपतो. त्यात बारकावे थोडे पुसले जातात. मी शक्यतो सुरुवातीलाच नेट बंद वर्तुळाचं ठेवतो. आणि एक सावधगिरी: अमुक अवस्था गाठता येईल का, या प्रश्नाचं उत्तर नेहमी काढता येतं हे 1981 मध्ये सिद्ध झालं, पण त्याला लागणारं गणित किती भयंकर वाढू शकतं हे 2021 मध्ये पक्कं ठरलं. म्हणून मॉडेल लहान ठेवणं गरजेचंच आहे.

वेळेचा हिशोब आता सोपा आहे. समजा भरलेलं वजन 3 मिनिटं, रिकामं वजन 2 मिनिटं, उतराई 40 मिनिटं. एका गाडीमागे काटा 5 मिनिटं अडतो, म्हणजे तासाला जास्तीत जास्त 12 गाड्या. एक बिल्ला काट्यावर चढल्यापासून उतराई होईपर्यंत 43 मिनिटं अडतो. 8 जागा असतील तर बिल्ल्यांच्या हिशोबाने तासाला साधारण 11 गाड्या, 9 असतील तर साडेबारा. म्हणजे 9 जागांनंतर अडथळा यार्डातून काट्यावर सरकतो. त्यापुढे यार्ड वाढवून गाड्या जास्त सुटणार नाहीत, दुसरा काटा लागेल. हे वरचे मर्यादेचे आकडे आहेत. प्रत्यक्षात एकमेकांसाठी थांबण्यात थोडे कमीच भरतील. तुमच्या गेटवर घड्याळ लावून स्वतःचे आकडे घ्या.

कापसात फरक करायचा असेल तर टोकनाला रंग द्यावा लागतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात असते. ओला कापूस वेगळ्या ढिगाला न्यायचा असेल तर टोकनासोबत ओलावा लिहायचा. याला रंगीत पेट्री नेट म्हणतात. डेन्मार्कच्या कुर्ट येन्सन यांनी ते विकसित केलं. साधं नेट हातात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

सरावासाठी

रावेर-यावल भागातलं केळीचं पॅकहाऊस घ्या. रिकामे कॅरेट शेतात जातात, घडाच्या फण्या काढून भरून येतात, टाकीत धुतल्या जातात, बॉक्समध्ये भरून प्री-कूलिंगच्या खोलीत जातात, तिथून कंटेनरमध्ये. कॅरेट मोजके, टाकी एक, खोलीत जागा ठरावीक, आणि कंटेनर खोली पुरेशी भरल्याशिवाय येत नाही. प्लेस आणि ट्रान्झिशन लिहून काढा, मग दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. कॅरेटचं टोकन नेमक्या कोणत्या घटनेला सुटतं: टाकीत फण्या ओतल्यावर, की बॉक्स भरल्यावर? आणि कंटेनरला लागणारी बॉक्सांची संख्या खोलीतल्या जागांपेक्षा एकाने जरी जास्त ठेवली, तर शेतात भरून ठेवलेल्या कॅरेटांचं काय होतं?

दुसऱ्याचं उत्तर काढताना सरकी जरा जास्त घ्या.